कुऱ्हाडीचा दांडा

गेल्या वर्षी आमच्या घरात सर्वांत मोठा वाद कशावरून झाला, असं कुणी विचारलं तर उत्तर ऐकून तुम्ही हसाल. शेताच्या बांधावरून नव्हे, दादाच्या लग्नावरून नव्हे आणि मी बी.ए.ला मराठी घेतलं म्हणूनही नव्हे. तो झाला लाकडं कापायच्या मशीनवरून. ती घ्यायची की नाही, घ्यायची तर कोणती, आणि घरात आल्यावर ती नेमकं काय काय कापणार, या तीन प्रश्नांनी आमच्या ओसरीवर चार महिने ठाण मांडलं होतं.

आमचं गाव नांदूरघाट. तालुका केज, जिल्हा बीड. बालाघाटच्या रांगेतला हा मुलूख. माळावर सीताफळाची झुडपं, बांधावर बाभळी आणि लिंब, आणि दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला बाहेर पडणारी माणसं. तोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला आमच्याकडे ‘एक कोयता’ म्हणतात. माणसं मोजायची ती पात्यावर! तेव्हा कापण्या-तोडण्याच्या हत्यारावरून घरात वाद व्हावा, हे तसं आमच्या मातीला धरूनच झालं म्हणायचं.

आता कुणी म्हणेल, गॅसच्या काळात लाकडं कशाला? गॅस आमच्याकडेही आहे. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियाला उज्ज्वला योजनेची सुरुवात झाली आणि पुढे आमच्या गल्लीतही लाल टाक्या आल्या. माय गॅसवर चहा करते, भाजी फोडणीला टाकते. पण भाकरी चुलीवरच थापते. एवढ्या माणसांच्या भाकरी आणि एवढ्या जणांच्या आंघोळीचं पाणी गॅसवर केलं तर टाकी महिनाभरसुद्धा पुरायची नाही, असा तिचा हिशेब आहे आणि तो बरोबर आहे. तुरी निघाल्या की तुराट्या, कापूस संपला की पऱ्हाट्या, आणि उरलेल्या दिवसांना गवऱ्या, असं तिचं जळणाचं पंचांग असतं. पण पऱ्हाट्या भस्सकन पेटतात आणि भस्सकन विझतात. पावसाळ्यात आणि पौषाच्या थंडीत चुलीला धड लाकूडच लागतं. ते फोडायचं काम अण्णांचं. वर्षातून फार तर सात-आठ दिवसांचं काम. पण ते अण्णांशिवाय कुणी केलेलं मला आठवत नाही.

अण्णांच्या कुऱ्हाडीला आजोबांनी बसवलेला धावड्याचा दांडा आहे. हात लागून लागून तो काचेसारखा गुळगुळीत झाला आहे. ओंडका उभा करून अण्णा आधी त्याच्याभोवती एक चक्कर मारत. चीर कुठून गेली आहे, गाठ कुठे आहे ते बघत. मग एकच घाव. लाकूड खाली पडण्याआधी अण्णांची नजर दुसऱ्या ओंडक्यावर गेलेली असे.

दोन वर्षांमागे पोळ्याच्या तोंडावर बैलानं हिसका दिला आणि अण्णांचा उजवा खांदा निखळला. अंबाजोगाईला नेऊन बसवून आणला. डॉक्टर म्हणाले, जड उचलायचं नाही, कुऱ्हाड तर नाहीच. अण्णांनी मान हलवली. आमच्या अण्णांची मान होकारालाही हलते आणि नकारालाही हलते. फरक नंतर कळतो.

त्यानंतरच्या वैशाखात वळवाच्या वाऱ्यानं बांधावरची जुनी बाभूळ मुळासकट आडवी झाली. दोन वर्षांचं सरपण एका रात्रीत दारात चालून आलं. दुसऱ्याच दिवशी मी लोहाराकडून कुऱ्हाड शेवटून आणली. रोजगारी लावून फोडून घेऊ, असा माझा बेत होता. तिसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तेव्हा अण्णांची बाज रिकामी होती. मी शेतात गेलो. लांबूनच आवाज आला. एक घाव, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा घाव. अण्णा डाव्या हातानं कुऱ्हाड चालवत होते. तिसऱ्या घावाला कुऱ्हाड सालीवरून घसरली आणि मातीत रुतली. अण्णा खोडावर बसले. मला पाहिलं तेव्हा म्हणाले,

“धार गेलीया हिची.”

आदल्याच दिवशी लावून आणलेली ती धार होती. मी म्हणालो, “हो अण्णा, लोहारानं नीट लावली नाही.” आणि कुऱ्हाड खांद्यावर टाकून आम्ही दोघं घरी आलो. वाटेत कुणी काही बोललं नाही.

मशीनचा विषय त्याच संध्याकाळी निघाला. दादानं काढला. “आता कुठं कुऱ्हाडी चालवता? पेट्रोलवरची मशीन घेऊ. एका दिवसात अख्खी बाभूळ बाजूला.” मला ते पटलं. मायलाही पटलं. अण्णा काही बोलले नाहीत. बोलली ती आजी.

“मशीन येऊ द्या. मग अंगणातला लिंब कव्हा जायचा तेबी सांगा.”

इथं थोडं मागचं सांगायला हवं. आमच्या अंगणात लिंबाचं झाड आहे. दोन माणसांच्या कवेत मावेल इतका त्याचा बुंधा. दादाचं लग्न ठरायच्या बेतात आहे आणि त्याला माळवदाला लागून एक स्लॅबची खोली काढायची आहे. तिचा नकाशा कसाही फिरवला तरी एक कोपरा लिंबात जातो. त्यामुळे घरात मशीन हवी म्हणणाऱ्या दादाच्या डोळ्यांसमोर बाभूळ होती की लिंब, हे आजीनं बरोबर हेरलं होतं.

आजीचं आणि लिंबाचं नातं १९७२ सालचं. त्या दुष्काळात ती नुकतीच सासरी आलेली. दिवसभर खडी फोडायची, सुकडी नि मिलो खायचा आणि संध्याकाळी घरी यायचं. जळण मिळेना म्हणून लोकांनी तेव्हा बांधावरची झाडं तोडली. आमची चार झाडं गेली. लिंब तेवढा राहिला, कारण त्याचा पाला ओरबाडून बैलांपुढे टाकायचे. ‘बैल ह्याच्यामुळं वाचले’ एवढंच आजी सांगते. त्या वर्षीचं बाकी ती फारसं सांगत नाही.

दादानं तिला समजावलं, की मशीन फक्त सरपणासाठी आहे. तेव्हा ती जे म्हणाली ते मी माझ्या वहीत लिहून ठेवलं आहे :

“आरं, कुऱ्हाड चालवता चालवता माणूस दमतंय. दमलं की बसतंय. बसलं की इचार करतंय. तुही मशीन दमती का?”

याला दादाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. शेवटी अण्णा पहिल्यांदा बोलले, “तू शिकलेला हाईस. तूच बघ कोणती घ्यायची ती.” एवढी मोठी जबाबदारी विद्यापीठानंही माझ्यावर कधी टाकली नव्हती.

मग मी अभ्यासाला लागलो. परीक्षेसाठी केला नाही इतका केला. साखळीच्या करवतीचा इतिहास वाचताना चकित व्हायला होतं. करवतीच्या दातांची साखळी पहिल्यांदा वापरली ती लाकडासाठी नव्हेच. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधल्या दोन डॉक्टरांनी ती हाड कापण्यासाठी हाती घेतली. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली विजेवर चालणारी साखळी-करवत केली. ती उचलायला दोन माणसं लागत. त्यानंतर तीनच वर्षांनी पेट्रोलवरची आली. पण मला सर्वांत आवडली ती अमेरिकेतल्या ऑरेगनमधल्या जो कॉक्सची गोष्ट. १९४६ सालच्या पानगळीत तो सरपण फोडत होता. मध्येच थांबून त्यानं एका बुंध्यात पाहिलं, तर भुंग्याची बोटाएवढी अळी लाकूड सरळ आणि आडवं, दोन्हीकडून सहज पोखरत चालली होती. तिच्या जबड्यांची ठेवण त्यानं निरखली, तशा आकाराचे दात साखळीला बसवले आणि पुढच्याच वर्षी ती साखळी विकायला काढली. जगभरच्या मशीनींवर आजही बहुतेक त्याच जातीची साखळी फिरते. हे मी आजीला सांगितलं. ती म्हणाली, “मंजी त्योबी दमून बसला व्हता, तव्हाच दिसलं की त्याला!” आमची आजी शाळेत गेलेली नाही.

इतिहास झाला, आता बाजार. केजला आणि बीडला मिळून चार दुकानं पालथी घातली. प्रत्येक दुकानदार पहिला प्रश्न एकच विचारायचा, “किती सीसीची दाखवू?” कशासाठी पाहिजे, हे कुणी विचारलं नाही. मशीनी तीन जातींच्या निघाल्या. पहिली पेट्रोलची : अठ्ठावन्न सीसी, बावीस इंची पट्टी, चिनी बनावटीची, सहा-सात हजारांत. तशीच नामांकित कंपनीची घ्यायची तर त्याच्या चौपट-पाचपट. दुसरी घरच्या विजेवरची : सोळा इंची पट्टी, दोन हजार वॉटची मोटर, पाच हजारांच्या आत. आणि तिसरी बॅटरीवरची, वीतभर पट्टीची. ती सीताफळाच्या छाटणीला छान, पण बाभळीपुढे म्हणजे खेळणंच.

दादाला अर्थातच बावीस इंची आवडली. तिचा आवाजही आवडला. माझ्या मनात मात्र दोन शंका होत्या. एक म्हणजे साखळीची करवत लाकूड आडवं कापते, उभं फोडत नाही. ओंडक्याचे तुकडे ती चटकन करील, पण चुलीत जाईल अशी खांडं करायला पुन्हा कुऱ्हाड नाही तर पाचर आणि घण लागणारच. आणि बाभूळ ओली असते तोवर फुटते. वाळली की दगड. दुसरी शंका अशी, की जे काम वर्षातून आठ दिवसांचं आहे, त्यासाठी उरलेले तीनशे सत्तावन्न दिवस ही मशीन करणार काय?

या दोन्हींची उत्तरं मला दुकानात मिळाली नाहीत. ती मिळाली बांधावर. बाभळीचा मूळचा बुंधा दोन फुटांच्या वर जाड होता. तो तरी आधी मोकळा करू म्हणून शेजारच्या वस्तीवरच्या एका पोराला आम्ही तासाच्या बोलीवर बोलावलं. वयानं माझ्याएवढाच. चार हंगाम आईबापांबरोबर ऊसतोड केलेली. मग साठवलेल्या पैशांतून जुनी पेट्रोलची मशीन घेतली आणि तोडीला जाणं सोडलं. त्यानं दोरी ओढली आणि सारा शिवार दणाणला. पंधरा मिनिटांत त्यानं जेवढं कापलं, तेवढ्याला अण्णांना दोन दिवस लागले असते. अण्णा बांधावर उकिडवे बसून बघत होते. त्यांच्याकडे बघायचं मी टाळलं.

तेवढ्यात ठिणग्या उडाल्या. त्यानं झटकन मशीन बंद केली. बाभळीच्या पोटात काटेरी तारेचा तुकडा होता. कधी काळी कुंपणासाठी कुणीतरी तार ठोकली असणार. झाड वाढत गेलं आणि तिला गिळून बसलं. साखळीचे दात गेले. तो शांतपणे सावलीत बसला आणि गोल कानस काढून एकेक दात घासू लागला. “कुणी ठोकली व्हती तार?” त्यानं विचारलं. अण्णा म्हणाले, “म्या. पोरगा रांगत व्हता तव्हा. लेकरू बांधावरून हिरीकडं जाऊ नये म्हणून.” रांगणारा पोरगा म्हणजे दादा. दादा नुसताच हसला.

दात घासता घासता त्या पोरानं मला जे शिकवलं ते चार दुकानदारांना मिळून सांगता आलं नव्हतं. पेट्रोलात टू-स्ट्रोकचं ऑइल मापानं घालावं लागतं. चिनी मशीनला लिटरला चाळीस मिलि. साखळीला वेगळं तेल. ते संपलं तर पट्टी जळते. काम झालं की टाकी रिकामी करायची, नाही तर कार्बोरेटर चोंदतो. “आता पेट्रोलात इथेनॉल आलंय ना, ते पाणी धरतं. म्हैना-दोन म्हैने पेट्रोल टाकीत ऱ्हायलं की मशीन बसली.” आता पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि त्यातलं काही येतं उसापासून. म्हणजे ज्या उसापासून सुटण्यासाठी यानं मशीन घेतली, तो ऊस टाकीतून त्याच्या मागे आलाच! हे मी त्याला बोलून दाखवलं. तो हसला नाही. म्हणाला, “ऊस कुणाला सोडतोय?”

मग त्यानं डाव्या मनगटावरचा वण दाखवला. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन उसळून माणसाच्या अंगावर येते. डोळ्याचं पातं लवण्याआधी. पुढच्या मुठीपाशी जी आडवी ढाल असते ती मनगट लागून पुढे गेली की साखळी थांबते. ती थांबली म्हणून हात वाचला. टोकानं कापायचं नाही, खांद्याच्या वर मशीन न्यायची नाही, एकट्यानं कामाला लागायचं नाही, आणि धोतर-उपरणं सैल ठेवून तर जवळही जायचं नाही. शेवटचं वाक्य त्यानं अण्णांकडे बघून म्हटलं. जाताना तो म्हणाला, “भाऊ, माह्या पोटावर पाय येईल तरी सांगतो. मोठं झाड असलं तर मला बोलवा. घरच्या सरपणाला लहानी लाइटीवरची बास हाय.” आपलं गिऱ्हाईक तुटेल हे ठाऊक असून खरं सांगणारा माणूस मी त्या चार महिन्यांत हा एकच पाहिला.

त्याचंच ऐकायचं ठरलं. बुंध्याचे तुकडे बैलगाडीतून अंगणात आणून टाकले आणि मी बीडहून विजेवरची सोळा इंची मशीन आणली. बरोबर जाडसर तांब्याची तीस मीटर वायर. बारीक वायरीतून वीज पोचेपर्यंत निम्मी वाटेतच दमते आणि मोटर तापते. डोळ्यांना चष्मा, हातमोजे आणि जाड बूटही घेतले. हे तीन जिन्नस दुकानदारानं आपणहून दाखवले नाहीत. मागून घ्यावे लागले. सुताराकडून इंग्रजी एक्सच्या आकाराची लाकडी घोडी करून घेतली. तिच्यात लाकूड बसवलं की ते हलत नाही आणि वाकावंही लागत नाही.

पहिल्या दिवशी मी लाकूड कापत होतो. अण्णा ओसरीवर बसले होते. दोन-चार तुकडे झाल्यावर उठून आले, धोतराचा काचा मारला, उपरणं खुंटीला अडकवलं आणि म्हणाले, “सरक.” घोडीच्या उंचीमुळे मशीनचा भार लाकडावरच राहतो, खांदा उचलावा लागत नाही. अण्णांनी आधी ओंडक्याभोवती एक चक्कर मारली. चीर पाहिली, गाठ पाहिली, तार आहे का म्हणून नख मारून पाहिलं. मग बटण दाबलं. त्या दिवशी अण्णांनी सगळे तुकडे केले आणि कुऱ्हाडीनं ते फोडले मी. माझे निम्मे घाव चुकले. अण्णा प्रत्येक घावाला सांगत होते, “तिथं न्हाई, चिरेवर.” गेल्या वर्षभरात ते इतकं बोलले नव्हते.

मायची एक तक्रार मात्र आहे. कुऱ्हाडीच्या ढलप्यांवर चूल पेटायची. मशीनचा नुसता भुसा पडतो. आता ढलप्यांसाठी मला वेगळी कुऱ्हाड चालवावी लागते. आणि आजी? काम संपलं की ती वायर गुंडाळून आपल्या बाजेखाली ठेवते. पाहिजे तेव्हा मागून घ्यायची. सरकारच्या १९६४ सालच्या वृक्षतोडीच्या कायद्याच्या यादीत चिंच आहे, आंबा आहे, मोह आहे, साग आहे. आजीच्या कायद्यात झाड एकच आहे आणि परवानगी देणारा अधिकारीही एकच.

आपल्याकडे म्हण आहे, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. लहानपणी मला वाटायचं, ही म्हण फितुरांसाठी आहे. आता वाटतं, दांडा लाकडाचा होता म्हणून निदान झाडाचं कुणीतरी कुऱ्हाडीत होतं. नव्या मशीनची मूठ प्लॅस्टिकची आहे. तिच्यात झाडाचं कुणी नाही. जे कुणी असायचं ते आता मूठ धरणाऱ्यानंच असायला हवं.

परवा दादानं पुन्हा विषय काढलाच. अण्णांना म्हणाला, “एवढी मशीन आलीच आहे तर लिंबाचंही बघून टाका.” अण्णांनी मशीन उचलली, लिंबापाशी गेले, पट्टी बुंध्याला आडवी लावून पाहिली आणि म्हणाले, “सोळा इंची हाय ही. लिंब दोन कवळ्याचा. न्हाई बसत.” दादा माझ्यावर चिडला. बावीस इंची का नाही घेतली, म्हणून. मी त्याला विजेच्या दाबाचं आणि कार्बोरेटरचं कारण सांगितलं. ते खरं आहे. पण दुकानात त्या दोन मशीनींसमोर उभा असताना माझ्या डोळ्यांसमोर विजेचा दाब नव्हता, हेही खरं आहे.

आणि आणखी एक गोष्ट. सोळा इंची पट्टीनं झाड दोन्ही बाजूंनी कापत गेलं तर बत्तीस इंचांपर्यंत जाता येतं, आणि चारी बाजूंनी फिरत गेलं तर त्याहूनही पुढे. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. अण्णांनाही ठाऊक असावं, कारण पट्टी लावून बघताना ते माझ्याकडे बघत होते. दादाला ते अजून माहीत नाही. लग्न येत्या वैशाखात आहे. तोवर खोलीचा नकाशा दोन हात सरकवावा, म्हणून मी आणि आजी रोज थोडं थोडं बोलतो आहोत.

दादा कॉलेजचा वार्षिकांक वाचत नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा.